तक्त्यावरची सव्विसावी ओळ

शाळा उघडायच्या दहा दिवस आधी आम्हा शिक्षकांना बोलावतात. मुलांशिवाय शाळा फार कुरूप दिसते. हे मी इतक्या वर्षांत कोणाजवळ बोलले नाही, पण दरवर्षी वाटतं. व्हरांड्यात बाकं एकमेकांच्या डोक्यावर चढवलेली, भिंतींना नवा पिवळा रंग आणि फरशीवर त्याचे शिंतोडे, पाण्याच्या टाकीत उतरलेला एक माणूस आतून गाळाच्या बादल्या वर देतो आहे, आणि ऑफिसात नव्या पुस्तकांचे गठ्ठे सुतळीसकट पडलेले. रायपूरच्या जूनमध्ये कूलरही काही कामाचा नसतो, तो नुसती दमट हवा अंगावर टाकतो. आम्ही स्टाफरूममध्ये ओल्या रुमालाने माना पुसत बसतो आणि सुट्टीत कोण कुठे जाऊन आलं ते एकमेकींना सांगतो.

मी गणित शिकवते. त्याशिवाय एकोणीस वर्षांपासून शाळेचं टाइमटेबल मी बनवते. हे काम मी हौसेने घेतलेलं नाही, रागाने घेतलं. त्या वर्षी मला सलग सहा पीरियड लावले होते आणि मी तरातरा जाऊन तेव्हाच्या प्रिन्सिपल सरांशी भांडले होते. "इतना समझ में आता है तो आप ही बना लीजिए," असं ते म्हणाले. मी बनवलं, आणि तेव्हापासून ते माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. मध्यंतरी शाळेने कॉम्प्युटरवर करून पाहिलं. त्या प्रोग्रॅमने खेळाच्या सरांना एकाच वेळी दोन वर्गांत पाठवलं आणि पाचवीच्या मुलांना सोमवारी सकाळी तीन वेळा चित्रकला दिली. मग काम गुपचूप माझ्याकडे परत आलं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

माझी पद्धत जुनी आहे. पुठ्ठ्याच्या लहान चिठ्ठ्या, प्रत्येक विषयाचा रंग वेगळा, एक चिठ्ठी म्हणजे एक पीरियड. दिवसाचे आठ, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. लायब्ररीतल्या लांब टेबलावर प्रत्येक शिक्षकाची एक ओळ मांडायची आणि कोणीही एका वेळी दोन ठिकाणी नसेल असं जमेपर्यंत चिठ्ठ्या सरकवत राहायच्या. पंखा लावता येत नाही, चिठ्ठ्या उडतात. म्हणून चार-पाच दिवस मी त्या खोलीत दार लावून घामाघूम होते आणि माझ्या वाटेला कोणी जात नाही.

आमच्या शाळेची एक रीतही इथेच सांगायला हवी. नोकरी दरवर्षी एप्रिलअखेर कागदोपत्री संपते आणि जूनमध्ये नव्याने लागते. ज्याला ठेवायचं नाही त्याला तसं कोणी तोंडाने सांगत नाही. शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी टाइमटेबलचा मोठा तक्ता स्टाफरूमच्या बोर्डावर लागतो. त्यात ज्याची ओळ नसेल त्याने समजून घ्यायचं. लोक समजून घेतात. तक्ता वरून खाली एकदा वाचतात, पुन्हा एकदा वाचतात, मग माठातलं पाणी पितात आणि पर्स उचलून निघतात. अशा वेळी मी कपाटात डोकं घालून काहीतरी शोधत असते. एकोणीस वर्षांत अशा सात-आठ ओळी माझ्या हातून गेल्या असतील. प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगितलं की ठरवणारे दुसरे आहेत, मी फक्त चिठ्ठ्या मांडते.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून तक्ता लिहायचं काम पहिल्यापासून मराठी मॅडमचं. शाळेत तिला सगळे मराठी मॅडमच म्हणतात, मुलं, आया, गेटवरचे भैया, सगळे. लग्न होऊन भंडाऱ्याकडून रायपूरला आली आणि ब्राह्मणपाऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागली, ती अजून तिथेच आहे. नवरा सदर बाजारात एका कापडाच्या दुकानात होता, गुडघे गेल्यापासून घरी असतो. मूलबाळ नाही. बावीस वर्षं ती सहावी ते आठवीला मराठी शिकवत होती. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. माझ्या तिरसट स्वभावाला शाळेत घाबरत नाही अशी ती एकटीच.

तक्ता लिहिण्याची तिची एक ठरलेली तऱ्हा होती. दोन ड्रॉइंगशीट मागून चिकटवून एक करायच्या, स्टीलच्या पट्टीने पेन्सिलच्या ओळी आखायच्या, मग निळ्या स्केचपेनने नावं आणि काळ्याने पीरियड. स्वतःची ओळ ती नेहमी सगळ्यात खाली लिहायची. सिनियॉरिटीने तिचा नंबर वरून पाचवा-सहावा लागत होता. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आपल्या हातानं आपलं नाव वर लिहाचं, बरं दिसते का ते ताई?"

यंदा कामाच्या दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाई तरुण आहेत, हिंदी भाषिक, वाईट म्हणता येणार नाहीत. त्यांनी माझ्यापुढे तिसऱ्या भाषेची यादी सरकवली. मार्चमध्ये पालकांकडून फॉर्म भरून घेतले होते, संस्कृत की मराठी. सहावीला मराठीत चार नावं होती. तिन्ही वर्ग मिळून चौदा.

"सेक्शन नहीं बनेगा मैडम," त्या म्हणाल्या. "मैनेजमेंट ने कह दिया है। सबको संस्कृत में डाल दीजिए और मराठी के पीरियड हटा दीजिए।"

"और मराठी मैडम?"

त्या पेन फिरवत बसल्या. तिला तयारीच्या दिवसांसाठी बोलावणं गेलं होतं, ती तर सकाळपासून समोरच्या हॉलमध्ये स्वागताचा फलक रंगवत बसली होती. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, फलक कोणीतरी लिहायला हवेच होते, आणि फोन गेला तेव्हा यादी पक्की नव्हती.

मी चिडले. बावीस वर्षांच्या माणसाला असं काढतात का, असं मी हिंदीत जितकं कडक म्हणता येईल तितकं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की बारा पीरियड निघत असतील, कुठलेही, तर त्या मॅनेजमेंटकडून तिला अर्ध्या वेळेवर ठेवून घेतील. "आप टाइमटेबल बनाती हैं। निकल सकें तो निकाल लीजिए। बारह से कम में मैं कुछ नहीं कर पाऊँगी।" आणि मी दाराशी पोचले तेव्हा, "अभी उनसे कुछ मत कहिएगा।"

ती चार नावं मी बाहेर येऊन पुन्हा वाचली. दोन मुलं पुण्याकडून बदलीवर आलेल्या साहेबांची, तेलीबांध्याच्या नव्या सोसायट्यांतली. दोन नावं नवीच, मी ओळखत नव्हते. भोसल्यांच्या काळापासून इथे आहोत असं सांगणाऱ्या आमच्यासारख्या घरांतलं एकही नाव नव्हतं. माझी स्वतःची नात यंदा आमच्याच शाळेत सहावीत गेली. फेब्रुवारीत मराठी मॅडमनी मला विचारलं होतं, "नात येऊन राहिली न आमच्याकडे?" आणि मी म्हटलं होतं, येईल की. मग फॉर्म आला तेव्हा माझी लेक म्हणाली, "मम्मी, संस्कृत स्कोरिंग है।" नात तिथेच बसली होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. मी काही बोलले नाही. मला वाटलं एका फॉर्मने काय होतं, बाकीचे भरतीलच. प्रत्येक घरात असंच कोणाला तरी वाटलं असणार.

तर बारा पीरियड. मी कामाला लागले. गणित शिकवणाऱ्या बाईला आकडा दिला की ती बाकी सगळं विसरते, आणि ते दोन दिवस मी खरंच सगळं विसरले. लायब्ररीचे पीरियड पाच होते. लायब्रेरियनची जागा भरलेली नव्हती, जो मोकळा असेल तो तिथे जाऊन बसायचा. ते पाच मी काढले. चौथी-पाचवीत सुलेखनाचे दोन, तिच्या अक्षराला याहून चांगला उपयोग तो कोणता. सात झाले. खेळाच्या सरांकडे मूल्यशिक्षणाचे दोन होते, ते त्यांनी हसत देऊन टाकले. खेळाच्या सरांना कोण काढणार? नऊ.

मग गाडं अडलं. हिंदीच्या मॅडमकडे मूल्यशिक्षणाचे तीन होते. मी त्यांच्याकडे गेले, गोडीत बोलले, जे मला जमत नाही. त्यांनी विचारलं कशासाठी, मी म्हटलं असंच, जुळवाजुळव. त्या म्हणाल्या, "मेरा लोड कम दिखेगा तो अगले साल मेरा नंबर लगेगा, दीदी।" संस्कृतच्या सरांनी तर मी विचारायच्या आधीच कानावर हात ठेवले. त्यांचं पहिलंच वर्ष होतं. चित्रकलेवाली, विज्ञानवाली, सगळ्यांकडे फिरून आले. वरवर पाहिलं तर दरवर्षी हेच लोक पीरियड कमी करा म्हणून माझ्या मागे लागतात. पण कमी मागणं वेगळं आणि तक्त्यावर कमी दिसणं वेगळं. पूर्ण वेळच्या शिक्षकाला आठवड्याला निदान अठ्ठावीस हवेत, अशी मॅनेजमेंटची अट आहे. त्या आकड्याच्या खाली कोणालाच जायचं नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते लिहायला मी दोन-तीन दिवस लावले.

माझे गणिताचे पीरियड पंचवीस आहेत. अठ्ठावीसच्या वर जावेत म्हणून काही वर्षांपूर्वी मीच माझ्या ओळीत जीकेचे चार टाकून घेतले होते. जीके म्हणजे सामान्य ज्ञान. पुस्तकातून राजधान्या वाचून दाखवायच्या आणि शांत बसा म्हणायचं. ते कोणीही घेऊ शकतं. मराठी मॅडमनी तर माझ्यापेक्षा किती तरी चांगलं घेतलं असतं. चारांतले तीन दिले असते तर तिचे बारा झाले असते आणि माझे सव्वीस उरले असते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. पण त्या म्हणीतल्या माणसाला निदान कळशाचा विसर पडलेला असतो. मला माझा दिसत होता. जीकेच्या चिठ्ठ्या गुलाबी असतात. त्या चार गुलाबी चिठ्ठ्या टेबलावर माझ्या ओळीत पडल्या होत्या आणि मी सगळ्या शाळेत भीक मागत फिरत होते. बुधवारी दुपारी मी त्यांतल्या तीन उचलून खाली तिच्या ओळीत ठेवल्याही. बारा झाले. जमत होतं, कुठेही टक्कर नव्हती. मी ते पाहत बसले.

मी सत्तावन्न वर्षांची आहे. नवरा रिटायर झाल्यापासून सकाळी सातला टीव्ही लावतो तो रात्री बंद करतो. आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून तलाव दिसतो, लोक म्हणतात काय नशीब. त्या खिडकीशी मला दिवसभर बसायचं नाही. इंजिनिअर झालेली, नोकरी न मिळालेली पोरं आता गणित शिकवायला रांगेत उभी असतात. सव्वीस आकडा बघून मॅनेजमेंटमधल्या कोणी विचारलं की या बाई किती वर्षांच्या आहेत, तर? मी भ्याले. तिच्यावर अन्याय होतो आहे म्हणून केबिनमध्ये तावातावाने बोललेली मी, तीन चिठ्ठ्यांना भ्याले. संध्याकाळी निघायच्या आधी मी त्या तिन्ही चिठ्ठ्या परत माझ्या ओळीत ठेवल्या. मग तिचे उरलेले नऊ ज्याचे त्याला परत केले, कारण नवांचा काही उपयोग नव्हता.

"नौ तक आए मैडम, आगे नहीं बैठ रहे," असं मी प्रिन्सिपल मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपने कोशिश की, यही बहुत है।"

मराठी मॅडमनी तोवर शीट चिकटवून ओळी आखून ठेवल्या होत्या. मी अजून चिठ्ठ्यांत होते तेव्हाच तिने बसून हे केलं, नंतर घाई नको म्हणून. गेल्या वर्षी आम्ही सव्वीस शिक्षक होतो, म्हणून तिने सव्वीस ओळी आखल्या. गुरुवारी मी तिच्या हातात रफ कागद दिला. त्यात पंचवीस ओळी होत्या. देताना मी तिच्याकडे पाहिलं नाही. बीपीची गोळी विसरले म्हणाले आणि स्कूटी काढून घरी आले. सांगायला हवं होतं. मोकळ्या लायब्ररीत, दार लावून, दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण आमच्याकडे सांगायची रीत नाही, आणि त्या दिवशी ही रीत मला फार सोयीची वाटली.

शुक्रवारी मी पोचले तेव्हा ती लायब्ररीत लिहीत बसली होती. पंखा बंद. "शीट उडते," ती म्हणाली. "तुमचं बीपी कसं आहे?" मी बरं आहे म्हटलं आणि समोर बसून चिठ्ठ्या रंगांप्रमाणे वेगळ्या करून रबर लावू लागले. उठून जायला हवं होतं, पण पाय निघेना.

वर्गात मराठी आणि संस्कृतचा पीरियड एकाच वेळी असतो, काही मुलं इकडे काही तिकडे. त्यामुळे संस्कृतच्या सरांची ओळ लिहितानाही तिला वेगळं काही दिसायचं कारण नव्हतं. ती एकेक खाना भरत होती. मध्येच हसून म्हणाली, "खेळाच्या सरले यंदाही सोमवारी पहिलाच दिला का? येतच नाही तो वेळेवर." बाहेर रंगवाले शिडी ओढत होते, त्याचा आवाज येत होता. ती बाविसावी ओळ संपवून तेविसाव्या ओळीवर आली. मी मोजत होते, मोजायचं नाही असं ठरवूनही मोजत होते.

पंचविसावी ओळ झाली. तिने निळं स्केचपेन उचललं, सवयीने, नाव लिहायला. मग रफ कागदाकडे पाहिलं. मागच्या बाजूला काही आहे का म्हणून तिने तो कागद उलटा केला. मागे कोरं होतं. तिने तो पुन्हा सुलटा केला आणि बोट ठेवून वरून खाली एकदा वाचत आली. अगदी तसंच, जसं लोक बोर्डासमोर उभे राहून वाचतात.

मग तिने पेनला टोपण लावलं.

"झालं ताई," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, मी..." आणि हातातल्या गठ्ठ्याला आणखी एक रबर लावू लागले. ती शाई वाळायची वाट पाहत तक्त्यावर हलकेच फुंकर घालत होती. तिच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा पाहिलं असतं तर आज काही सांगता आलं असतं. मी तिच्या हातांकडे पाहत होते.

"ताई, एक गोष्ट सांगू?" थोड्या वेळाने ती म्हणाली. "तुमचे जीकेचे चारही पीरियड पाचवे आले आहेत. जेवणाच्या सुट्टीनंतरचे. तेव्हा पोट्टे झोपून राहतात, काही ऐकत नाही. तुम्हाले त्रास होईन. बदलून घ्या."

मी मान हलवली. तिने पट्टी पुसली, स्केचपेनं डब्यात भरली, पदराने मान पुसली. शनिवारी तक्ता लावायला ती आली नाही. आयाने आणि मी मिळून तो लावला. पंचवीस ओळी भरलेल्या आणि सगळ्यात खाली एक आखलेली, मोकळी. कापून टाकता आली असती, पण कात्री आणायला कोणी गेलं नाही. सोमवारी शाळा भरली. गेटवर तिनेच रंगवलेला स्वागताचा फलक होता आणि प्रिन्सिपल मॅडम मुलांना टिळे लावत होत्या. गेटवरच्या भैयाने मला विचारलं, मराठी मैडम छुट्टी पर हैं क्या? मी म्हटलं, हाँ.

जुलैच्या शेवटी शाळेत कोडिंग शिकवायला एक तरुण सर आले. प्रिन्सिपल मॅडम माझ्याकडे येऊन उभ्या राहिल्या. "मैडम, आपके जीके के चारों पीरियड इन्हें दे देते हैं। आपको भी थोड़ा आराम।" त्या हसल्या. मी विचारलं की माझे पंचवीसच उरतील, मग अठ्ठावीसचं काय? "अरे, वो तो नए लोगों के लिए है मैडम। आपको कौन कुछ कहने वाला है।" इतकंच. मी ज्याला भ्याले होते ते एवढंच होतं. मी स्टाफरूममध्ये गेले, काळा पेन घेतला आणि सव्विसाव्या ओळीत त्या सरांचं नाव लिहिलं. माझं अक्षर त्या तक्त्यावर लांबूनही ओळखू येतं.

मला तिच्याकडे जायला हवं होतं. ब्राह्मणपारा माझ्या रस्त्यात नाही, पण फार आडही नाही. एकदा मी तिच्या घराजवळच्या कंकालीच्या देवळापर्यंत जाऊन स्कूटी वळवून परत आले. गणपतीच्या आधी ती मला सदर बाजारात भेटली, म्हणजे समोरच आली, चुकवता आलं नाही. भांड्यांच्या दुकानाबाहेर उभी राहून कुकरचं रबर आणि वाती घेत होती. थोडी वाळली होती. मला पाहून तिचा चेहरा खुलला, तो मला खराच वाटला.

"काय म्हणते शाळा?"

"चालू आहे. तू कशी आहेस?"

"मी काय, घरीच असते. सकाळी साडेसहाले डबा भरायले उठते अन् मग आठवते की कुठं जायचं नाही. ह्यांले चहा देते अन् बसते." मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "ताई, प्रिन्सिपल मॅडमचा फोन आला होता मले त्या शनिवारीच. बारा पीरियडचं सांगितलं त्यांनी. तुम्ही नऊपर्यंत आणले म्हणे. सगळ्यांजवळ जाऊन मागितले. कोण करते ताई कोणासाठी एवढं?"

बाजारात हॉर्न वाजत होते. एक स्कूटरवाला आम्हाला बाजूला व्हा म्हणून खेकसला, आम्ही बाजूला झालो. तेव्हा मी सांगू शकले असते. मला खरंच सांगायचं होतं.

"अन् तो पाचवा पीरियड?" तिने विचारलं. "बदलून घेतला का मग?"

"बदलला," मी म्हटलं.

"हव. बरं झालं."

तिने रबर पिशवीत टाकलं. मी म्हटलं, चल, घरापर्यंत सोडते. ती म्हणाली, "नाही, जाते मी पायी, जवळच तर आहे." गर्दीतून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी तिथे उभी होते. माझ्या ओळीतले ते चार खाने तिने स्वतःच्या हाताने भरले होते, प्रत्येकात जीके, नीट मधोमध. आणि नवात तीन मिळवले की किती होतात, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं.